दोन तोंडांची वायर

"दहा मिनिटांचं काम आहे, वहिनी," असं भाऊजी म्हणाले, तेव्हा रविवारचे सकाळचे दहा वाजले होते.

भाऊजी तसे सगळ्या इमारतीचेच भाऊजी. त्यांची थोरली भावजय वरच्या मजल्यावर राहायची. ती त्यांना भाऊजी म्हणायची, म्हणून बाकीचेही म्हणू लागले. इस्पितळात एक्स-रे काढणं हा त्यांचा पेशा. सत्तावीस वर्षं माणसांच्या आतलं पाहून पाहून कुठल्याही बंद वस्तूत काय बिघडलंय ते आपल्याला बाहेरूनच कळतं, असा त्यांचा समज झाला होता. घरच्या संगणकावर विंडोज काढून लिनक्स घातलं तेही त्याचसाठी. यात आतलं सगळं दिसतं, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. बायको शाळेत शिक्षिका. तिला आतलं काही पाहायचं नव्हतं, फक्त मुलांचे गुण भरायचे होते आणि ते त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत शाळेकडे पाठवायचे होते.

वहिनींनी आणलेली वस्तू म्हणजे तळहातावर मावेल एवढी काळी डबी. आत दादांची, म्हणजे वहिनींच्या यजमानांची, भाऊजींच्या थोरल्या भावाची हार्ड डिस्क. दादा पहाटे उठून तळ्याकाठी जायचे आणि पक्ष्यांचे आवाज टिपायचे. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या आधी तारीख, वेळ आणि वारा कसा आहे ते स्वतःच्या आवाजात सांगायचे. त्यांना जाऊन पावणेदोन वर्षं झाली होती. वहिनींना पक्ष्यांशी फारसं देणंघेणं नव्हतं. "नुसती तारीख सांगताना ऐकायचंय," एवढं म्हणून त्या वर निघून गेल्या.

भाऊजींनी खणातली आपली नवी वायर काढून डबी जोडली. निळा दिवा लागला, आत काहीतरी फिरू लागलं, पडद्यावर डिस्कचं नाव आलं. वहिनींना हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं, तोवर आत टक् झालं आणि नाव गेलं. मग आलं. मग पुन्हा गेलं. दारापर्यंत येऊन चपला न काढताच परत फिरणाऱ्या पाहुण्यासारखं चाललं होतं सगळं.

आत काय घडतंय याची नोंद लिनक्स ओळीओळीने ठेवत असतं. भाऊजींनी ती उघडली. उपकरण सापडलं, उपकरण निसटलं, उपकरण सापडलं, उपकरण निसटलं. चार पानं नुसती तीच. भाऊजींनी डोळे बारीक करून निदान केलं, की डबीतली चिप म्हातारी झालीय आणि संगणक तिच्याशी फार भरभर बोलतोय. इंटरनेटवर या दुखण्याचे शेकडो रुग्ण होते आणि प्रत्येकाचं औषध निराळं. भाऊजींनी सगळीच औषधं घेतली. चिपशी सावकाश बोल, असं संगणकाला लिहून दिलं. डिस्कला झोपू देऊ नकोस, असंही लिहून दिलं. शिवाय सुरू होतानाच ही डिस्क जोडून घे, अशी एक ओळ घातली. त्या ओळीत 'नसली तर राहू दे' अशा अर्थाचा एक शब्द लिहायचा असतो. तो राहिला.

दुपारी बायको गुण भरायला बसली. चहा करायला ती पाच मिनिटं उठली तेवढ्यात भाऊजी खुर्चीत सरकले. आता एकच उपाय उरला होता. यूएसबीचा सगळा कारभारच एका आज्ञेने बंद करायचा आणि दुसऱ्या आज्ञेने सुरू करायचा. पहिली आज्ञा त्यांनी दिली. कारभार बंद झाला. दुसरी टाइप करायला गेले तर अक्षर उमटेना. माउसही हलेना. कीबोर्ड आणि माउस यूएसबीवरच चालतात, हे इतकी वर्षं आतलं पाहणाऱ्या माणसाला तेव्हा कळलं.

बायको कप घेऊन आली. पडद्यावर तिची यादी जशीच्या तशी दिसत होती, फक्त जतन केलेली नव्हती. तिने कप ठेवला, वही घेतली आणि पडद्यावर दिसत होते तेवढे एकोणीस जणांचे गुण उतरवून घेतले. भाऊजी बटणावर बोट ठेवून शेजारी उभे होते, पेशंटला श्वास रोखायला सांगून स्वतःच रोखून धरल्यासारखे.

"झालं. दाबा आता," ती म्हणाली.

त्यांनी बटण दाबलं. संगणक बंद झाला, सुरू झाला आणि दीड मिनिट काळ्या पडद्यावर दादांच्या डिस्कची वाट पाहत बसला. ती सापडली नाही, तेव्हा पुढे जायलाच त्याने नकार दिला. सकाळपासून डिस्क संगणकाला भेटत नव्हती आणि आता तिच्यावाचून संगणक हलत नव्हता. बायकोने वही आणि उत्तरपत्रिकांचा गठ्ठा उचलला आणि गुण भरायला मैत्रिणीच्या घरी निघून गेली. भाऊजींनी पासवर्ड देऊन ती ओळ शोधली, खोडली आणि साडेचारला कसाबसा संगणक उठवला. दादांची डबी मात्र हातात तशीच होती. दहा मिनिटांचं काम असं आपण उगाच बोललो, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं. वर जाऊन काय सांगायचं ते मनात जुळवत असतानाच वहिनी खाली आल्या.

भाऊजींनी चिपचं म्हातारपण समजावून सांगितलं. वहिनींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण ही वायर कुठली? ह्यांची तर दोन तोंडांची होती."

"कुठे आहे ती?"

"मी गादीच्या वळकटीला बांधलीय. चांगली लांब आहे."

वळकटी सोडली गेली. वायरीचं एक तोंड संगणकाच्या एका भोकात, दुसरं शेजारच्या भोकात. एका भोकातून येणारी वीज डिस्कला पुरत नव्हती, फिरायला लागली की तिचा दम संपायचा. एवढंच होतं. नाव आलं आणि राहिलं.

वहिनी पुढे सरकल्या. फोल्डर पुष्कळ होते. एकाचं नाव होतं 'बाद'. भाऊजींनी सहज तेच आधी उघडलं, त्यात एक्केचाळीस फाइली. पहिली लावली. दादांचा आवाज आला, तारीख, पावणेसहा, वारा नाही. वहिनींनी पदर तोंडाशी धरला. मग शांतता, दूर एक पक्षी, आणि त्याच्यावर दुसराच आवाज. "दादा, तू माइक उलटा धरलायस. थांब, मी सांगतो..."

तो भाऊजींचा होता. पूर्वी रविवारी तेही तळ्यावर जायचे, पुढे ड्युट्या बदलल्या आणि जाणं सुटलं. रेकॉर्डिंगमध्ये दादांनी एक सुस्कारा सोडला, म्हणाले, "बाद," आणि बंद केलं.

दुसऱ्या फाइलीत भाऊजी दुर्बिणीविषयी बोलत होते. तिसरीत थर्मासच्या झाकणाविषयी. दर वेळी शेवटी दादांचं तेच, "बाद." पण एकही फाइल त्यांनी पुसली नव्हती. वहिनी रडता रडता हसत होत्या. "पुढची लावा," म्हणाल्या.

चौथी लागली. तिच्यात दादांचा आवाज जरा बारीक वाटत होता. तसा तो का वाटतो याचं कारण भाऊजींना ठाऊक होतं. ते वहिनींकडे वळले, एक बोट वर केलं आणि समजावायला सुरुवात केली.

वहिनींनी पडद्यावरची नजर न हलवता म्हटलं, "बाद."