तातोबा खवले आणि वारुळाच्या ताज्या बातम्या

बाळांनो, ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. आईशप्पथ.

म्हणजे माझ्याकडे आली तेव्हा खरी होती. मधल्या काळात थोडी उतरली असेल तर मी जबाबदार नाही. गोष्ट गेल्या वर्षी खरी ठरली म्हणून यंदाही ठरेल, अशी हमी कोणीच देत नाही. ऐकण्याआधी सगळी कागदपत्रं नीट वाचून घ्या. कागदपत्रं नाहीयेत. तरी वाचा.

तर एक जंगल होतं. कुठे ते विचारू नका, तिथे आता प्लॉट पडलेत.

त्या जंगलात एका उतारावर, वरच्या अंगाला, तातोबा खवले राहायचा. तातोबा म्हणजे खवले मांजर. अंगभर खवले, हातभर जीभ, आणि स्वभाव असा की जरा खुट्ट झालं की अंगाचा चेंडू. तोंड पोटात, शेपूट तोंडावर. मग आत बसून विचार करायचा, की बाहेर काय चाललं असेल.

बायकोचं नाव यमू. यमूला दिवस गेले होते. पिल्लू पावसाच्या तोंडावर येणार होतं. बाळंतिणीला भर पावसात मुंग्यांच्या मागे धावायला लागू नये, म्हणून तातोबाने जन्मभराची कमाई एका वारुळात घातली होती. उताराच्या तळाशी, जांभळीखाली, हे भलं मोठं वारूळ. आत वाळवी गच्च. पाव वाटा तातोबाचा, उरलेला भिवाजी अस्वलाचा. पिल्लू आलं की वारूळ फोडायचं, तोवर कोणी हात लावायचा नाही, असं दोघांचं ठरलं होतं.

बिळाच्या तोंडाशी उभं राहून मान खाली घातली की वारूळ दिसायचं. तातोबा अधूनमधून मान खाली घालायचा. वारूळ असायचं. तो झोपायला जायचा.

बघा बाळांनो, किती मागासलेलं आयुष्य.

एकदा शेजारचा बापू साळिंदर भेटला. बापूचं कंदमुळांचं पेव होतं, म्हणजे जमिनीत खणलेला साठा. त्यामुळे तो स्वतःला बाजारातला समजायचा.

"तातोबा, तू कुठला पक्षी बसवलायस?"

"कसला पक्षी?"

बापूचे काटे आपोआप उभे राहिले. "अरे, बातम्यांचा. वारुळात एवढी गुंतवणूक आहे ना तुझी? मग रोजचं वाचन नको?"

"मी बघतो ना, अधूनमधून."

"बघतो," बापू म्हणाला. असं म्हणाला, की घरी पोचेपर्यंत तो शब्द तातोबाच्या पाठीला चिकटून आला.

आता तुमच्या फोनवर जसं अ‍ॅप असतं, तसा त्या जंगलात पक्षी असायचा. बिळाच्या तोंडावर बसवायचा. पहिले काही दिवस फुकट, मग मूठमूठ मुंग्या. पक्ष्याने सांगायचं आणि आपण मान हलवायची, याला तिथे वाचन म्हणायचे. तुमचंही तसंच असतं. तुम्ही फक्त अंगठा हलवता.

तातोबा तसा निशाचर. दिवसभर झोपायचा. पण बाजार दिवसा उघडतो असं त्याला कळलं, म्हणून त्याने झोप सोडली.

पहिली आली टिटवी. टिटवीचं वैशिष्ट्य म्हणजे वेग.

"ताजी बातमी. वारूळ तेजीत. कारण, पावसाची शक्यता."

तातोबा चेंडू झाला. जरा वेळाने उघडला, तर टिटवी समोरच.

"ताजी बातमी. वारूळ मंदीत. कारण, पावसाची शक्यता."

तातोबा परत चेंडू.

"अहो, जेवायला या," यमू आतून म्हणाली.

"थांब गं. मी वाचतोय," चेंडू म्हणाला.

टिटवीने फार दचकायला होतं, म्हणून त्याने पोपट बसवले. पोपट जोडीने यायचे. एकाचं म्हणणं, वारूळ वर जाणार. दुसऱ्याचं, खाली जाणार.

"मला बोलू द्या," पहिला म्हणायचा.

"मी तुम्हाला बोलू दिलं, आता मला बोलू द्या."

"तुम्ही बोलू दिलं नाहीत, मी बोललो."

आणि मध्येच दोघं एका सुरात म्हणायचे, "ही चर्चा आपल्यापर्यंत आणली आहे करंजेल तेलाने. खवल्यांना द्या चकाकी." मग परत भांडायचे. तातोबाने तेल घेतलं. वारुळाचं काय ते कळलं नाही, पण खवले चकाकायला लागले.

मग त्याने घुबड बसवलं. घुबड महाग होतं, कारण ते सखोल होतं. फार बोलायचं नाही. डोळे वटारून बसायचं आणि मग एकदम म्हणायचं, "वारुळाच्या भवितव्याबद्दल एकच गोष्ट ध्यानात ठेवा. ती म्हणजे..."

आणि डोळे मिटायचं.

"म्हणजे काय?" तातोबाने विचारलं.

घुबडाने एक डोळा उघडून मुंग्यांच्या डब्याकडे बघितलं. तातोबाने मूठभर ठेवल्या.

"संयम," घुबड म्हणालं.

आता तिघांपैकी रोजच्या वाचनासाठी ठेवावा कोणता? तातोबाच्या डोक्याचं भजं झालं. तेव्हा बापूने त्याला बगळ्याकडे पाठवलं. बगळ्याचा धंदाच तो. कुठला पक्षी कुणासाठी योग्य, हे एका पायावर उभं राहून सांगायचा. दुसरा पाय कुणाच्या बाजूने आहे हे कळू नये म्हणून पोटाखाली लपवायचा.

"तुमची गरज काय?" बगळ्याने विचारलं.

"वारुळात वाळवी आहे की नाही, एवढं कळलं की झालं."

बगळ्याने पाण्यात चोच बुडवून काढली. "ही बातमी कोणीच देत नाही. फार साधी आहे. हिला वाचक नाही."

"मग?"

"वेगासाठी टिटवी ठेवा. दोन्ही बाजू कळाव्यात म्हणून पोपट ठेवा. खोलीसाठी घुबड ठेवा. आणि कुणाचं कधी खरं मानायचं ते कळावं, म्हणून मला ठेवा."

तातोबाला पटलं. इतकं निःपक्षपाती बोलणं त्याने आधी ऐकलंच नव्हतं.

अशी चार बिऱ्हाडं बिळावर आली. सकाळी टिटवी दचकवायची, दुपारी पोपट भांडायचे, संध्याकाळी घुबड अर्धं वाक्य टाकायचं आणि बगळा येऊन सांगायचा की आज कुणाकडेच लक्ष दिलं नसतं तरी चाललं असतं. तातोबाचे डोळे खोल गेले. मुंग्या शोधायला जायला वेळ मिळेना. डबा मात्र उतरत चालला, कारण प्रत्येकाची मूठ ठरलेली होती.

एक दिवस यमूने डबा आणून त्याच्यासमोर उलटा धरला. आतून एक मुंगी पडली. ती लंगडत निघून गेली.

"मला डोहाळे लागलेत," यमू म्हणाली. "आणि तुमचे पाहुणे जेवून जातायत."

"अगं, ते पाहुणे नाहीत. ती माहिती आहे."

"मग माहिती शिजवून घाला मला. पोटातलं आज-उद्याकडे येईल. त्याला काय टिटवी चारू?"

"असं कसं म्हणतेस? मी आपल्या वारुळाचंच तर वाचतोय दिवसभर."

"वारूळ खाली आहे. वाचताय वर. जा, जाऊन थोडी वाळवी घेऊन या. भिवाजी भावजींना सांगा, यमूचे दिवस भरले."

"भर दिवसा?"

"झोपत तरी कुठे असता दिवसा?"

तातोबाने सगळ्या पक्ष्यांकडे बघितलं. ते रिकाम्या डब्याकडे बघत होते. मग तो निघाला. कितीतरी दिवसांनी तो स्वतःच्या पायांनी स्वतःच्या वारुळाकडे चालला होता. तेल लावलेले खवले उन्हात चमकत होते. अर्ध्या उतारावर त्याला वास आला. वाळवीचा, गोड, ओल्या मातीतून येतो तसा. वारूळ उभं होतं. भरलेलं होतं. तातोबाच्या जिभेला पाणी सुटलं आणि त्याला वाटलं, हे तर सोपं आहे.

इथे गोष्ट संपली असती तर तुम्हाला चांगलं वळण लागलं असतं. पण वरून टिटवी बघत होती.

खवले मांजर, भर दिवसा, घाईघाईत वारुळाकडे चाललंय. म्हणजे तिथे काहीतरी बिनसलं असणार, नाहीतर कशाला जाईल? टिटवीने ही खबर पोपटांना सांगितली. पोपटांनी घुबडाला विचारलं. घुबड झोपेत म्हणालं, "शक्यता..." आणि थांबलं. तेवढं पुरे होतं.

"सगळ्यात आधी आमच्याकडे," टिटवी तातोबाच्या बरोबर डोक्यावर ओरडली. "वारूळ कोसळणार. वारुळाच्या अगदी जवळच्या सूत्रांची हालचाल."

सूत्र म्हणजे तातोबाच. पण ते तातोबाला कुठे माहीत? त्याने ऐकलं, आणि खवले मांजर जे करतं ते केलं. चेंडू झाला.

सपाटीवर चेंडू होणं वेगळं आणि उतारावर होणं वेगळं. शिवाय करंजेल तेल. तातोबा जो सुटला तो दगडांवरून टण टण करत, करवंदीची जाळी फाडून, थेट वारुळाच्या पोटात शिरला. वारूळ मधोमध दुभंगलं आणि पलीकडच्या बाजूला कोसळलं.

पलीकडच्या बाजूला भिवाजी अस्वल झोपलं होतं. त्याने पक्षी बसवला नव्हता. का नाही, तर त्याला त्याबद्दल माहीतच नव्हतं. त्याने डोळे उघडले तर मांडीवर सगळी वाळवी. त्याने खायला सुरुवात केली.

"कोसळलं," टिटवी ओरडली. "आम्ही आधीच सांगितलं होतं. अजून कोसळतंय. अजून."

तिचं प्रत्येक "अजून" ऐकून तातोबा आणखी घट्ट होत गेला. तो उघडला तेव्हा ऊन उतरलं होतं. समोर मातीचा ढिगारा होता, आणि ढिगाऱ्याला टेकून भिवाजी पोटावरून हात फिरवत होता.

"माझा वाटा?" तातोबाने विचारलं.

"ठेवणार होतो रे. दोनदा हाक मारली," भिवाजी म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. "पण तू बंद होतास."

तेवढ्यात पोपट आले. त्यांना तातोबा दिसलाच नाही. "भिवाजीराव, अख्खा बाजार कोसळला आणि तुम्ही एकटे पोटभर जेवलात. तुमचं धोरण काय?"

भिवाजीने जांभई दिली. "झोपलो होतो."

"झोप," पहिला पोपट म्हणाला.

"पण किती?" दुसरा म्हणाला, आणि त्यावर त्यांचं जुंपलं.

तातोबा रिकाम्या हाताने वर आला. यमू बिळात पडून होती. तिच्या शेपटीला एक मऊ, गुलाबी, खवलेसुद्धा धड न आलेलं पिल्लू लटकलं होतं. यमूने त्याच्या हातांकडे बघितलं. बाहेर पावसाचे ढग जमले होते, डबा उलटाच पडला होता, आणि पिल्लू हवेत जीभ काढून काहीतरी शोधत होतं.

बिळाच्या तोंडाशी टिटवी उतरली.

"आता काय?" तातोबा म्हणाला. "द्यायला काही नाही माझ्याकडे."

"घ्यायला नाही आले. तुम्हाला घेऊन जायला आले. उद्यापासून आमच्याकडे विश्लेषक म्हणून बसा."

"मला वारुळातलं काही कळत नाही."

"ते आमच्याकडे कोणालाच कळत नाही. पण तुम्ही वारुळावर आदळलेले आहात. एवढा जवळचा अभ्यास जंगलात कुणाचा नाही."

"बोलायचं काय?"

"पडू शकतं म्हणायचं. मग म्हणायचं, किंवा नाहीही. मुंग्यांची ओंजळ रोज घरपोच."

तातोबाने यमूकडे बघितलं. यमूने पिल्लाकडे बघितलं.

"जा," यमू म्हणाली. "पण ते तेल पुसून जा."

दुसऱ्या दिवशी तातोबा उंच खडकावर बसला. खाली प्राणी माना वर करून उभे होते. सगळ्यात पुढे बापू साळिंदर.

"पेवांचं काय वाटतं आपल्याला?" टिटवीने विचारलं.

तातोबाने डोळे वटारले. घुबडाकडून तेवढं तो शिकला होता. "पेव," तो म्हणाला, "ढासळू शकतं. किंवा..."

आणि डोळे मिटले.

पुढचं ऐकायला बापूने मूठभर मुंग्या ठेवल्या. "किंवा नाहीही," तातोबा म्हणाला. पण बापूला धीर निघेना. तो धावत गेला आणि पेव चहूबाजूंनी उकरून बघू लागला. उकरलं म्हणून पेव ढासळलं. कंदमुळं गडगडत झाडीत गेली. झाडीत भिवाजी झोपला होता.

"आम्ही सांगितलं होतं," तातोबा म्हणाला. आवाज त्याचाच होता. त्याला स्वतःलाच जरा नवल वाटलं.

पावसाळाभर डबा भरलेला राहिला. पिल्लू गुबगुबीत झालं. आईच्या शेपटीवर बसून खडकावरच्या बापाकडे बघायचं. आणि एखाद्या सकाळी गिऱ्हाईक कमी असलं, की यमू खालून हळूच हाक मारायची, "अहो, तो ससा बघा, निवांत चाललाय बिळाकडे. काहीतरी बोला."

तात्पर्य: बाळांनो, रोज कुठली बातमी वाचावी यावर डोकं शिणवू नका. जो वाचतो त्याचं वारूळ जातं. जो झोपतो तो दोघांचं खातो, पण तेवढी गाढ झोप सगळ्यांना जमत नाही. म्हणून उरलेल्यांनी सांगायला बसावं.

आता, मी सांगितलं आणि तुम्ही ऐकलंत. तेव्हा प्रत्येकी एक मूठ काढा. मुंग्या नसतील तर फोनवरून पाठवलेलं चालेल.