अडून बसलेल्या डिस्कची केस

"गुन्हेगाराने नुसता श्वास घेतला, तरी मला त्याचा हेतू ऐकू येतो," असं आमचे हे स्वतःबद्दल सांगतात. ते गुप्तहेर आहेत. इतके गुप्त, की आजवर एकाही अशिलाला त्यांचा पत्ता लागलेला नाही. मी त्यांची सहायक. पगार नाही, आणि बायको असल्यामुळे राजीनाम्याचीही सोय नाही.

त्या दिवशी नणंदेच्या कॉम्प्युटरने मान टाकली. त्यात नवी ऑपरेटिंग सिस्टीम घालून तिला संध्याकाळपर्यंत भाषांतर पाठवायचं होतं, नाहीतर पहिलंवहिलं काम हातचं जाणार. ह्यांनी दुकानातून आणलेली डिस्क ऐटीत काढली, बोटांनी चाचपत उलटसुलट निरखली आणि ड्राइव्हमध्ये सरकवली. ड्राइव्ह घरघरला. पडद्यावर उमटलं : डिस्क वाचता येत नाही.

"येत नाही, की वाचायचीच नाही?" ह्यांनी डोळे बारीक केले. विचार करताना तेलाने चपचपलेल्या केसांतून बोटं फिरवायची त्यांची सवय. ती फिरवून त्यांनी डिस्क बाहेर काढली. "ही तोतया आहे!"

दुकानदाराला फोन गेला. "अहो साहेब, तुमच्यासमोरच चालवून दाखवली की!"

"म्हणजे डिस्क निर्दोष. ड्राइव्ह फितूर!" पुन्हा केस, पुन्हा डिस्क, पुन्हा घरघर.

"दादा, परवापर्यंत तो मस्त गाणी वाजवत होता रे," नणंद काकुळतीला आली.

"तेच तर! गाणारा एकाएकी मुका होतो, म्हणजे त्याला कुणीतरी धमकावलंय." आणि ह्यांनी डिस्क काढून टेबलावर ठेवली, स्क्रूड्रायव्हर उचलला.

"वहिनी, थांबव ना ह्याला!"

"अहो, राहू द्या," मी म्हटलं.

"सहायकाने तपासात ढवळाढवळ करू नये."

आरडाओरडा ऐकून सासूबाई बाहेर आल्या. टेबलावरची डिस्क उचलून त्यांनी खिडकीतल्या उजेडात तिरपी धरली.

"अरे, एवढ्या तेलात आठवडाभर दिवा जळेल!"

त्यांनी मऊ सुती फडकं घेतलं, मधून कडेकडे हलक्या हाताने डिस्क पुसली आणि लेकीच्या हातात दिली. ड्राइव्ह गुणगुणला. पडद्यावरची पट्टी शहाण्यासारखी पुढे सरकू लागली. नणंदेने आधी आईला मिठी मारली, मग स्क्रूड्रायव्हर लपवला.

संध्याकाळी भाषांतर वेळेत गेलं, तसे हे छाती काढून उभे राहिले.

"सुटली एकदाची केस!"

"सुटली ना?" सासूबाई म्हणाल्या. "मग आता डोक्यावरचे धुऊन ये."