मागच्या खोलीपर्यंतची केबल

कुटुंब एकत्र राहण्यासाठी सर्वांत आवश्यक गोष्ट म्हणजे पुरेशी लांब केबल. माया, जिव्हाळा वगैरे गोष्टी पूरक आहेत, पण त्यांना भिंतीला भोक पाडता येत नाही.

आमच्या हॉलमध्ये टीव्ही होता आणि टीव्हीसमोर आई होती. तिचं बघणं सहभागी स्वरूपाचं. सिनेमा रंगात आला की विचारणार, "हा तोच ना, मघाशी मेलेला?" तो नसतो. मग मेलेला कोण हे समजावून सांगेपर्यंत आणखी दोघे जातात. शिवाय रिमोट तिच्या मांडीखाली. एकदा मॅच अगदी शेवटाला आलेली असताना तिने हवामान लावलं, कारण दोरीवर कपडे होते. (पाऊस आला नाही. मॅच कोण जिंकलं ते आम्हाला शेजाऱ्यांनी सांगितलं.)

अखेर घरात समिती नेमली : मी, बायको आणि कॉलेजात जाणारी मुलगी. आईला बैठकीला बोलावलं नव्हतं, कारण विषय तिच्याच हिताचा होता. एकमताने ठरलं की तिला मागच्या खोलीत स्वतंत्र टीव्ही द्यावा. तिथे शांतता आहे, खिडकी आहे आणि मुख्य म्हणजे आम्ही नाही. दुसरं कनेक्शन ही उधळपट्टी. म्हणून हॉलमधल्या सेटटॉप बॉक्सचंच एचडी चित्र नेटवर्क केबलने मागे न्यायचं.

केबलवाला आला. एक डबी हॉलमध्ये, एक मागे, आणि मधे बोळ, स्वयंपाकघर, अडगळीची खोली पार करणारी केबल. त्याने अटी घातल्या : मधे जोड नको, एकदम वळवायची नाही, विजेच्या वायरला चिकटवायची नाही. आम्ही तिला तळहातावरच्या फोडासारखं जपत नेलं. आई म्हणाली, "मलाही एकदम वळता येत नाही रे." (इतिवृत्तात नोंद नाही.)

मांडीखालचा जुना रिमोट आई सोबत घेऊन गेली, हॉलसाठी आम्ही नवा आणला. चित्र असं आलं की बातम्या देणाऱ्या बाईच्या पापण्या मोजाव्यात. आई म्हणाली, "छान दिसतंय. तुम्ही कधी येताय बघायला?" आम्ही म्हटलं, येऊ की.

त्याच संध्याकाळी हॉलमध्ये खुनी सापडायच्या बेतात असताना हवामान लागलं. आम्ही सिनेमा लावला, परत हवामान. केबलवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "मागच्या डबीला डोळा असतो साहेब. तिथे जुना रिमोट दाबला तरी त्याच केबलने हॉलमधलं चॅनेल बदलतं. सोय आहे ती."

आता अर्ज समक्ष करणं भाग होतं. आधी बायको गेली, मालिकेपुरती परवानगी मागायला. ती आईच्या पलंगाच्या कडेला टेकली आणि लक्ष ठेवायला तिथेच बसली. मग मुलगी गेली. मग मी. आठवडा संपेतो एका पलंगावर चौघं आणि हॉलमधला टीव्ही रिकाम्या सोफ्याला सिनेमा दाखवतोय, अशी परिस्थिती निर्माण झाली. आई विचारायची, "हा तोच ना?" मुलगी सांगायची, "नाही गं आजी, तो कालच गेला." आई फार खूश होती. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटत होतं. पण पाठी आखडल्या.

समिती पुन्हा बसली. निष्कर्ष असा की केबल दोन्ही बाजूंनी चालते, हाच मूळ दोष. केबलवाल्याने डोळा काढून टाकला. चहा निवायच्या आत काम झालं.

आता व्यवस्था आदर्श आहे. हॉलमध्ये आम्हाला हवं ते लागतं आणि तेच, तितकंच स्वच्छ, मागे पोचतं. आई रिमोट दाबत राहते. तिला वाटतं सेल संपले. ते आम्ही मागितल्याबरोबर बदलून देतो, तेही चांगल्यातले. त्या बाबतीत आमच्याकडे हयगय चालत नाही. हल्ली ती म्हणते, "असू दे, मला हेच बघायचं होतं."

तुम्हाला हसू आलं असेल. येऊ द्या. पण पुढेमागे तुमची मुलं तुम्हाला शांत, खिडकीची खोली आणि सुंदर टीव्ही देतील, तेव्हा पापण्या मोजत बसू नका. आधी रिमोट दाबून बघा. आणि चॅनेल बदललं नाही, तर सेल मागू नका.