एदिसनचे हात शांत होतात

मोंतेविदेओतल्या आमच्या गल्लीतला एदिसन खूश झाला की दोन्ही हात फडफडवतो, ही बाब वर्तनसुधार केंद्राने अत्यंत गांभीर्याने घेतली. एदिसन स्वमग्न, वयाने सव्वीस, आणि वाऱ्याने चादर फुगली तरी खूश होणारा. वाचनालयात पुस्तकं लावायची नोकरी त्याला मंजूर झाली होती. अट एकच, हात शांत हवेत.

"निरर्थक पुनरावृत्ती!" संचालिका डॉ. इरिगाराय म्हणाल्या. काखेतल्या थर्मासमधून त्यांनी पेल्यात पाणी ओतलं आणि नळीने येर्बाच्या पानांचा कडू काढा ओढला. पुन्हा ओतलं, पुन्हा ओढला. "समूळ नाहीशी केली पाहिजे." पुन्हा ओतलं.

उपचार शास्त्रशुद्ध होता. हात शांत राहिले की दुधाच्या गोड साईचं बिस्किट. पण बिस्किट मिळालं की एदिसन खूश व्हायचा, हात फडफडायचे, आणि नियमानुसार बिस्किट काढून घ्यावं लागायचं. अखेर लाभार्थ्याला न आवडणारं बक्षीस शोधण्यासाठी उपसमिती नेमण्यात आली.

एक दिवस एदिसनने विचारलं, "बाई, तुम्ही सारखं सारखं ते पाणी ओतता. तुमच्यावर उपचार नाहीत का?"

"अरे वेड्या, अख्खा देश हेच करतो, ती आपली संस्कृती आहे!"

"किती जणांनी केलं की संस्कृती होते?"

बाईंनी प्रश्न उपसमितीकडे पाठवला, आणि उपसमितीला वाट सापडली. दुसऱ्याच दिवशी एदिसनच्या काखेत थर्मास दिला गेला. एक हात अडकला. पन्नास टक्के सुधारणा नोंदवली गेली. मग दुसऱ्या हातात काठोकाठ भरलेला पेला दिला.

"पण मला हे कडू लागतं," एदिसन म्हणाला.

"प्यायचं कुठे सांगितलंय? धरायचं!"

नोकरी लागली. दोन्ही हात अडकल्यामुळे त्याला पुस्तकं लावता येत नाहीत, पण तशी ती तिथल्या कुणालाच येत नाहीत. सगळ्यांच्याच काखेत थर्मास असतो. एदिसन त्यांच्यात चटकन सामावून गेला.

गल्लीतले आम्ही सगळे त्याच्या आईचं, नेलीदाबाईंचं, अभिनंदन करायला गेलो. बाईंचा चेहरा काही खुलला नव्हता.

"पूर्वी हा खूश असला की मला स्वयंपाकघरात फडफड ऐकू यायची," त्या म्हणाल्या. "आता विचारावं लागतं."

"मग काय सांगतो?"

"सांगतो, 'ठीक आहे.'"

ऐकून आमचा जीव भांड्यात पडला. पोरगा अगदी तुमच्याआमच्यासारखा झाला होता.