‘हो’ वर्ज्य

यापुढे फोनवर ‘हो’ हा शब्द उच्चारायचा नाही, असा निश्चय दुरुस्तीकाकांनी एका मंगळवारी सकाळी दात घासता घासता केला. (निश्चय तसा लहानच होता, पण घराला खरा धोका लहान निश्चयांपासूनच असतो. मोठे निश्चय कोण पाळतो?)

दुरुस्तीकाका हे छापखान्यातले निवृत्त मुद्रितशोधक. चाळीस वर्षे इतरांच्या चुका हुडकण्यात गेल्यामुळे निवृत्तीनंतरही लाल पेन खिशात आणि सवय अंगात कायम होती. औषधाच्या बाटलीवरची सूचनासुद्धा आधी दुरुस्त करून मगच ते औषध घेत.

त्यांच्या मोबाइलची योजना अकरा वर्षांपूर्वीची होती. तिच्या माहितीपत्रकावर ‘आजीवन’ असे ठळक अक्षरांत छापले होते, आणि छापील शब्द हा दिलेला शब्द, अशी काकांची धारणा. पुढे दोनच महिन्यांत कंपनीने ती योजना नव्या ग्राहकांसाठी बंद केली. ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे ती राहील, मात्र ग्राहकाने नोंदीत काही बदल केल्यास किंवा नव्या योजनेला संमती दिल्यास संपुष्टात येईल, असे पत्र आले. काकांनी तत्काळ फोन लावला.

“आजीवन म्हणजे कोणाचं जीवन?”

“योजनेचं, सर.”

“आणि योजना कधी मरणार?”

“आम्ही बंद करू तेव्हा, सर. नवा प्लॅन समजावून सांगू का?”

मारेकऱ्यानेच आयुर्मर्यादा सांगावी, त्यातला हा प्रकार! काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवसापासून योजना टिकवणे हा व्यवहार उरला नाही. ते व्रत झाले.

“अहो, नव्या प्लॅनमध्ये सगळं जास्त मिळतं,” काकू म्हणत. “जुन्यात आहे तरी काय?”

“शब्द आहे!” काका गरजत.

व्रत सोपे नव्हते. कंपनीच्या नोंदीत त्यांचा पत्ता ‘तिसरा मजला’ असा पडला होता. राहत होते ते दुसऱ्यावर. पण दुरुस्ती मागावी तर तो बदल ठरणार. म्हणून कंपनीची सगळी पत्रे वरच्या दंतवैद्यांकडे जात आणि काका ती महिन्याच्या महिन्याला आणायला जात. दंतवैद्य पत्र देण्याआधी सवयीने “आ करा” म्हणत. (या योजनेपायी काकांनी आजवर दोन दाढा गमावल्या होत्या.)

त्याच दंतवैद्यांनी सोमवारी संध्याकाळी, काकांच्या तोंडात आरसा असताना, सांगितले, “जपा हं काका. हल्ली फोनवरचं बोलणं रेकॉर्ड होतं. तुम्ही कुठेही ‘हो’ म्हणालात की तेवढं कापून संमती म्हणून चिकटवतात.”

मंगळवारचा निश्चय तो हा.

बुधवारी काकूंनी भाजी घेता घेता फोन केला. “गॅस बंद केलात ना?”

“तुमच्या प्रश्नातलं विधान वस्तुस्थितीला धरून आहे.”

“म्हणजे केलात की नाही?”

“नकार देण्याजोगं काही घडलेलं नाही.”

काकू अर्धी भाजी दुकानातच टाकून धापा टाकत घरी आल्या. गॅस बंद होता. काकूंचे तोंड मात्र दोन तास बंद झाले नाही.

शुक्रवारी परगावी नोकरी करणाऱ्या लेकीचा फोन आला. “बाबा, मला बढती मिळाली! खूश आहात ना?”

काकांचा ऊर भरून आला. जिभेच्या टोकावर आलेला शब्द त्यांनी मोठ्या कष्टाने गिळला. “नाखूश असण्याचं सबळ कारण दिसत नाही,” ते म्हणाले.

पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला. त्यानंतर चार दिवस लेकीचा फोन नाही. काकांनी केला तर ती उचलेना.

“पुरे झालं!” पाचव्या दिवशी काकू कडाडल्या. “त्या कंपनीच्या दुकानात जा आणि एकदाचा निकाल लावा. पोर दुरावली तर तुमचं आजीवन काय चाटायचंय?”

हा घाव वर्मी बसला. कंपनीला लेखी जाब विचारायचाच, अशा आवेशात काका चार पानी तक्रार घेऊन दुकानात थडकले. काउंटरवरच्या मुलीने त्यांचे सारे भाषण शांतपणे ऐकले, खटाखटा टंकले आणि चार पानांच्या संतापाची सहा ओळींत वासलात लावून छापील कागद पुढे सरकवला.

“वाचून घ्या, सर. काही चूक असेल तर सांगा, नाहीतर सही करा.”

छापील कागद! आणि वर ‘चूक असेल तर’! पेन खिशातून केव्हा निघाले हे काकांनाही कळले नाही. मजकुरातल्या सात चुका त्यांनी टिपल्या. मग नजर वर ग्राहकाच्या माहितीवर गेली. ‘तिसरा मजला’. अकरा वर्षे डोळ्यांत सलणारे ते कुसळ! लाल रेघ सपकन ओढली गेली, समासात ‘दुसरा’ उमटले, आणि शिस्तीप्रमाणे खाली सहीही पडली. काकांना कितीतरी वर्षांनी कृतार्थ वाटले.

मुलीने पुन्हा खटखट केले. “झालं, सर. पत्ता बदलला. त्यामुळे नवा प्लॅन आपोआप सुरू झालाय. अभिनंदन!”

“मी बदल केलेला नाही!” काका ओरडले. “मी दुरुस्ती केली आहे!”

“सिस्टीममध्ये दुरुस्ती असा पर्यायच नाही, सर. फक्त बदल आहे.”

काका पायऱ्या उतरून फुटपाथवर आले. कंपनीला अकरा वर्षे जे साधले नाही, ते त्यांच्या पेनाने अर्ध्या मिनिटात साधले होते. त्यांनी आधी लेकीला फोन लावला. आज तिने उचलला.

“खूश आहे ना मी? हो! हो, हो, हो!” काकांनी चार दिवसांची थकबाकी एका दमात फेडली. लेक हसली, आणि मग थोडी रडलीही.

तो फोन ठेवतात न ठेवतात तोच काकूंचा आला. “झालं का काम?”

“हो.”

तो शब्द पलीकडे बरोबर टिपला गेला. मग काकू हळूच म्हणाल्या, “अगं बाई! म्हणजे गेला प्लॅन!”

“हो.”

“बरं झालं. आता एकच सांगा. पहिल्या दिवसापासून मी म्हणत होते, तेच बरोबर होतं की नाही?”

काकांनी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिले. संभाषण रेकॉर्ड होत असेल ही सबबही आता त्यांच्यापाशी उरली नव्हती.