सोम्बोरकर राडिवोय यांची चुकार सुरावरील स्वारी

श्रीसंत निकोला प्रसन्न. शहर सोम्बोर, सुभा वॉयवोदिना, येथील राजश्री राडिवोय, तारखात्याचे निवृत्त अंमलदार, यांणी आपले अब्रूचे उद्धारार्थ कानांचे बळावर जी मोहीम मांडिली, तीत कोण कामास आले, कोण फितूर जाहले, आणि अखेर यश कैसे पदरी पडले, हे पुसणारांनी पुसिले. म्हणोन जैसे घडले तैसे, चवीपुरते मीठ घालोन, लिहिले आहे. वाचणारांनी रागे भरो नये.

कलहाचे मूळ ऐसे की, सन एकोणीसशे एक्क्याऐंशी साली सोम्बोरचे सहा असामी रेडिओवर तांबुरित्सा वाजवावयास गेले. हे वाद्य मांडीवर आडवे धरोन नखीने छेडितात. आपले तंबोऱ्याशी त्याचे नावापुरतेच नाते. डावे अंगास राडिवोय बैसले, उजवे अंगास त्यांचे कुम राजश्री सावा बैसले. कुम म्हणजे लग्नी साक्षीस उभा राहिला तो. त्या मुलखी सख्खा भाऊ एक वेळ तुटेल, कुम तुटत नाही. गत संपत आली, साऱ्या तारा मंदावल्या, आणि इतक्यात कोणा एकाची तार एक मात्रा आधी वाजली. टण्. तो टण् मुलूखभर गेला, आणि माघारी फिरविता आला नाही.

तेव्हापासोन दर साल एकोणीस डिसेंबरी, राडिवोय यांचे घराण्याचे संताचा दिवस म्हणजे स्लावा, त्या दिवशी भरल्या पंक्तीत सावा पेला घेऊन उभे राहात आणि फर्मावीत,

"पाव्हणे हो, ह्याच्या हातची जरा जपून प्या. हा ओततोसुद्धा एक मात्रा आधी!"

"तार तुझी होती, कुमे!"

"माझी? माझं बोट तेव्हा नाक खाजवत होतं!"

पंक्त हसे. राडिवोय हसत, आणि मग रात्री निजेनात. ऐसी त्रेचाळीस साले गेली.

पुढे रेडिओचे दफ्तरातील त्या वादनाची फीत साफसूफ होऊन राडिवोय यांचे हाती आली. घरचे जुने स्पीकर म्हणजे दोघांचा एकच गलबला. त्यात डावे कोण, उजवे कोण, काही उमज पडेना. तेव्हा राडिवोय यांणी मसलत केली की, उंची हेडफोन आणावा. डावीकडून टण् आला तर गुन्हा आपला, उजवीकडून आला तर सावांचा. मग दुनाव नदीवरील आपली मासे धरावयाची होडी विकोन, पाठीस जाळी असलेला, मोकळे पाठीचा, अक्रोडाचे लाकडाचा हेडफोन मिळविला. होडी गेली त्या दिवशी नदीकडे पाठ करोन बैसले, ऐसे सांगतात.

हेडफोन नोव्हेंबरात दाखल जाहला. त्याजसाठी स्वतंत्र लाकडी खुंट तैनात केला, आणि हुकूम सुटले की, ओल्या केसांनी त्यास शिवू नये. कानगाद्या रोज किंचित ओल्या फडक्याने पुसाव्या. केबल पिळू नये, सैल वेटोळी घालावी. आणि पॅप्रिकाचे हात जवळ आणील त्याचा मुलाहिजा राहणार नाही. शेवटला हुकूम पत्नी सौभाग्यवती देसांकाबाई यांजवर होता. बाईंनी तो ऐकिला आणि मिरची चिरती राहिल्या.

हेडफोनाचे जाणकारांत ऐसी समजूत की, नवा हेडफोन शंभर तास वाजवोन मुरवावा, मग खरा बोलतो. राडिवोय यांणी एक पोल्का, म्हणजे तिकडील नाचाची गत, ऐकोन पाहिला, तो अकॉर्डियनचा भाता श्वास घेतो तेही ऐकू आले. तेव्हा फीत ऐकावयाचा मोह आवरिला आणि हेडफोन कपाटात वाजता ठेवोन चार दिवस कुलपे घातली. किल्ली देसांकाबाईंचे कमरेस असे, हे मात्र ध्यानी राहिले नाही.

पाचवे दिवशी दाढी करोन, नवा सदरा घालोन, राडिवोय फीत ऐकावयास बैसले. आणि आवाज ऐसा आला की सहा असामी रजईखाली बैसोन वाजवितात. डावे उजवे तर सोडाच, तार कोठे आणि खोकला कोठे हे कळेना.

मग मोर्चे बांधिले. प्रथम चष्म्यावर हल्ला केला, कारण काड्यांनी गादी उचलली जाते आणि फटीतून खर्ज पळोन जातो. चष्मा उतरविला, आवाज तैसाच, आणि कॉफी मांडीवर. मग प्लगचे टोकावर मळ धरिला असेल म्हणोन राकिया म्हणजे जर्दाळूची घरची साठ अंशी दारू बोळ्यावर घेऊन घासले. टोक चकचकीत जाहले, उरलेली राकिया राडिवोय यांणी रिचविली, आवाज तैसाच. मग केबल बदलिली, ॲम्प्लिफायर उसना आणिला, खुर्ची खिडकीपासोन भिंतीकडे नेली. आवाज तैसाच. डिसेंबर उजाडला. राडिवोय यांचे मनाने घेतले की होडी पाण्यात गेली. आणि जेवण दोन घासांवर आले.

"खा की जरा," देसांकाबाई म्हणाल्या. "एका टण्साठी उपास?"

"तुला नाही कळायचं. मी मेल्यावरसुद्धा तो तिथे उभा राहून तेच सांगणार."

"मग तू नसशीलच ऐकायला. खा."

अखेर कुमक बोलाविली. गेझा नामे म्हातारा हंगेरियन रेडिओ-दुरुस्तकार, फार जुना मोहरा, सतरा तारखेस आला. त्याणे हेडफोन नाकापाशी धरोन हुंगिला, गादी बोटांनी हलकेच फिरविली, ती सुटली, आणि आतोन कापसाची गोल, सुबक, कडेने टाके घातलेली चकती टेबलावर पडली. दुसरे गादीतून दुसरी पडली.

"हे काय आहे?" राडिवोय यांणी चकती चिमटीत धरोन पुसिले.

"कापूस," देसांकाबाई शांतपणे म्हणाल्या. "उजेडात धरून बघितलं मी. आरपार भोकं! सरळ कानात प्रोमाया शिरणार. माझ्या आत्याचं तोंड वाकडं झालं ते त्यानंच."

प्रोमाया म्हणजे घरात समोरासमोर दोन फटी असता वाहणारा वारा. त्या मुलखी लोक तोफेस भीत नाहीत, प्रोमायास भितात.

"बाई, ती भोकं मुद्दाम ठेवलेली असतात!" गेझा म्हणाला.

"खिडक्यापण मुद्दामच ठेवतात. म्हणून डिसेंबरात उघड्या टाकता का?"

गेझाने चकती उचलोन उजेडात धरिली. टाके मात्र फार बारीक होते. राडिवोय यांणी त्यांवरून अंगठा फिरविला. मग तह ऐसा ठरला की, कापूस निघावा, आणि राडिवोय यांणी ऐकतेवेळी गळ्यास लोकरी मफलर गुंडाळावा.

मफलर गुंडाळोन फीत लाविली. आता दालन उघडले, सहा खुर्च्या वेगळ्या दिसो लागल्या, कोणाचा जोडा करकरला तेही कळले. गत मंदावली. आणि टण् आला. डावीकडून आला. राडिवोय यांणी हेडफोनावरील डाव्याउजव्याची अक्षरे तपासिली, पुन्हा लाविला, पुन्हा डावीकडून. सात वेळा डावीकडून. मग हेडफोन खुंटावर ठेविला, वेटोळी सैल घातली, गाद्या पुसल्या, आणि अंधार पडेतो तेथेच बैसले.

एकोणिसावे तारखेस पंक्त बैसली. उपासाचे दिवस, आणि त्या मुलखी उपासास मासळी चालते, म्हणोन मासळीचा लाल रस्सा, शिजविला गहू, मोठा पाव, मेणबत्ती. सावा पेला घेऊन उभे राहिले आणि तोंड उघडणार, तो राडिवोय आधी उभे राहिले.

"थांब, कुमे. मी ऐकलं. नीट ऐकलं. तार माझी होती."

कोणी हसले नाही. विजयी वीराचे मुखावर तेज चढावे, ते सावांचे उतरले. पेला हाती तैसाच राहिला.

"कोण म्हणतं?"

"हा म्हणतो." राडिवोय यांणी हेडफोन दाखविला.

"आण इकडे. मी म्हणत होतो तेव्हा त्रेचाळीस वर्षं ऐकलं नाहीस, आणि ह्या लाकडाचं ऐकतोस?"

सावांनी हेडफोन हाती घेतला. मेणबत्तीपाशी नेऊन त्यावरील अक्षरे पाहिली. नीट पाहिली. आणि मग हेडफोन उलटा फिरवोन, डावा उजवे कानी आणि उजवा डावे कानी, ऐसा चढविला. देसांकाबाईंनी ते पाहिले, तोंड उघडिले, आणि मग रस्सा वाढावयास वळल्या. राडिवोय यांणीही पाहिले, आणि फीत लाविली. मोकळे पाठीचा हेडफोन, त्यातून ती जुनी गत बारीक होऊन साऱ्या पंक्तीत झिरपली, चमचे थांबले. गत मंदावली. टण्.

"उजवीकडून!" कान झाकलेला माणूस ओरडतो तैसे सावा ओरडले. "अरे गाढवा, उजवीकडून आला! माझीच की रे तार!"

पंक्त टेबल बडवोन हसो लागली, पेले भरले, आणि सावांनी हेडफोन दोहो हातांनी, केबल न पिळता, राडिवोय यांचे स्वाधीन केला.

येणेप्रमाणे त्रेचाळीस सालांची मोहीम, एक होडी खर्ची पडोन, फत्ते जाहली. चुकार सूर राजश्री सावा यांचे नावे पडला, त्यांणी तो भरल्या पंक्तीत आपले मुखे कबूल केला, आणि राजश्री राडिवोय यांणी मान खाली घालोन विजय स्वीकारिला. दफ्तरी नोंद ऐसीच राहावी. कोणी उलटसुलट करो नये.