चढावरची उचकी

महाजनआप्पा चारचाकीतही हेल्मेट घालून बसतात. मागच्या सीटवर, पट्टा लावून, वर हेल्मेट. पहिल्यांदा माझ्या गाडीत बसले तेव्हा मला वाटलं, काढायचं विसरले. आठवण केली तर म्हणाले, "घाबरू नका भाऊ, पण मी तुम्हाला रिव्हर्स घेताना पाहिलंय."

"घाबरू नका, पण" हे त्यांचं पालुपद. आप्पा मूळचे पाचोऱ्याकडचे, इथे सिल्वासात धाग्याच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर. म्हणजे घाबरण्याचा पगार घेणारा माणूस. इथल्याच आमली भागात, आमच्या वरच्याच मजल्यावर एकटे राहतात. बायको पुण्याला, मुलाकडे, नातवंडं सांभाळायला. मुलगा रोज फोन करतो आणि आप्पांनी तोंड उघडायच्या आत "सगळं ठीक आहे पप्पा" म्हणून ठेवून देतो. मग उरलेली काळजी जिना उतरून आमच्याकडे येते. घाबरू नका, पण तुमचा गीझर आवाज करून राहिलाय. घाबरू नका, पण तुमच्या गॅलरीतली ती कुंडी कोणाच्या तरी डोक्याची वाट पाहून राहिलीय. मी कोकणातला, कौलांत साप असलेल्या घरात वाढलेला. पण हल्ली टोस्टरसुद्धा हात लांब करून चालू करतो.

स्वतः आप्पांना सगळ्यात जास्त भीती वापी रोडवरच्या टँकरांची. त्यांची स्कूटर त्या रस्त्याला कधी लागलेली नाही. कारखान्यातही ते गल्लीबोळांतून, दुप्पट अंतर कापून जातात.

यंदा मी एक जुनी टर्बो गाडी घेतली. टर्बो म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. मागे तसं लिहिलेलं होतं आणि ते सोसायटीला दिसत होतं, एवढं पुरे होतं. पण ती चढावर आचके द्यायला लागली. सपाटीवर शहाणी, चढ आला की उचकी. बायको म्हणाली, जुना मालक आठवण काढत असेल. गॅरेजवाल्याने उभ्या गाडीचं इंजिन चालू करून ऐकलं आणि काही नाही म्हणाला. मला तेच ऐकायचं होतं, म्हणून मी ते लगेच मानलं.

पण सई, आमची मुलगी, बाळंतपणाला आलेली. दिवस भरत आलेले, दवाखाना वापीचा. "गाडी आहे ना दारात," असं मी सगळ्यांना सांगून बसलो होतो. आप्पांनी एकदा सईकडे पाहिलं, एकदा गाडीकडे, आणि मला जिन्यात घेऊन गेले.

"घाबरू नका भाऊ," ते तिला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "पण मागे टँकर असताना हिला उचकी लागली तर?"

मला जेवण गेलं नाही.

रविवारी सकाळी आम्ही खानवेलचा रस्ता धरला. आप्पांचं म्हणणं, काही दुखणी डॉक्टरसमोर लपून बसतात. चढावर पळवल्याशिवाय हे दुखणं बाहेर येणार नाही. इंजिनातला दोष वाचणारा, मोबाइलला जोडायचा स्कॅनर त्यांच्याकडे होता. स्वतःची गाडी नसलेल्या माणसाने तो विकत घेऊन ठेवला होता, कधी कोणाच्या गाडीत बसायची वेळ आली तर असावा म्हणून.

खानवेलच्या पुढे चढ सुरू झाला. एका बाजूला उतार, मागे बस. "दाबा," आप्पा म्हणाले. मी दाबला. टर्बोची शीळ आली आणि पाठोपाठ असा हिसका बसला की आप्पांचं हेल्मेट माझ्या सीटवर आदळलं. समोर इंजिनाचा पिवळा दिवा फडफडायला लागला, मागून बसवाला हॉर्नवरून हात काढेना.

"तीन नंबरचा सिलिंडर," मागून आप्पांनी मोबाइलवर वाचलं. "पेटून नाही राहिला."

गाडी सागाच्या सावलीत लावून आम्ही इंजिन निवायची वाट बघत बसलो. आप्पांनी समजावलं. टर्बो इंजिनात हवा कोंबतो. त्या दाबलेल्या हवेत ठिणगी पडायला जोर लागतो. ठिणगीला वीज पुरवणारी कॉइल दमलेली असेल तर सपाटीवर निभावते, चढावर हात टेकते. पण दोष प्लगचा असेल, किंवा आणखी आतला असेल, तर? ते ओळखायला तीनची कॉइल एकला लावायची आणि एकची तीनला. दुखणं कॉइलबरोबर एकला गेलं तर सुटलो. तीनमध्येच राहिलं तर घाबरू नका, पण इंजिन उघडावं लागेल.

म्हणजे तोच चढ पुन्हा चढायचा, आणि उचकी लागू दे म्हणून देवाचा धावा करायचा. मी केला. लागली.

"एक नंबर," आप्पा म्हणाले. "भाऊ, एक नंबर." इतक्या आनंदाने बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

नवी कॉइल बसली, उचकी थांबली. आप्पांची धाकधूक थांबली नाही. रोज संध्याकाळी बॉनेट उघडून आत बघायचे, आणि "निघाल तेव्हा मला फोन करा" असं माझ्या बायकोला बजावून वर जायचे.

त्याच आठवड्यात, भर दुपारी सईला कळा सुरू झाल्या. बायकोने आप्पांना कळवलं आणि आम्ही निघालो. वाटेत पोटची पोर कण्हत होती आणि मी इंजिन ऐकत होतो. वापीच्या पुलाचा चढ आला. मी पाय दाबला, डोळे दिव्यावर. गाडी हूं की चूं न करता वर गेली. मागून सई म्हणाली, "बाबा, श्वास घ्या."

संध्याकाळी मी दवाखान्याच्या खाली पार्किंगमध्ये आलो. आमच्या गाडीशेजारी एक ओळखीची स्कूटर उभी होती. हुकाला गाडी ओढायचा दोर लटकवलेला. शेजारी आप्पा, डोक्यावर हेल्मेट, हातात एक जादा कॉइल. टँकरांच्या रांगेतून ते पूर्ण रस्ता आमच्या मागे आले होते.

"मध्येच बंद पडली असती म्हणजे," ते म्हणाले.

वर का नाही आलात, मी विचारलं. त्यांनी दोराची गाठ उगाच ओढून पाहिली.

"घाबरू नका, आप्पा," मी म्हणालो.

माझ्या तोंडाकडे बघत ते पुढच्या शब्दाची वाट पाहत राहिले.

"मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत."

"पण?"

"पण काही नाही."

आप्पांनी हेल्मेटची काच खाली ओढली. थोड्या वेळाने काचेला आतून वाफ धरायला लागली.